लंगोटाचें हट्टी पुरळ

आजचा विषय चारचौघांत बोलण्याजोगा नाहीं, असें कांहीं श्रोत्यांना वाटेल. सायंकाळीं घरांतील वडील मंडळी चहा घेत बसली असतां तान्ह्या मुलाच्या लंगोटाखालच्या जागेविषयीं नभोवाणीवरून बोलावें कीं नाहीं, ही शंका मलाहि येऊन गेली. परंतु ज्या घरांत चार महिन्यांचें मूल तीन रात्री धड झोपलेलें नाहीं, लंगोट सोडतांच तें किंचाळूं लागतें, आणि मुलाला धुवावयाचें म्हटलें कीं आईच्याच डोळ्यांना पाणी येतें, त्या घरांत त्या दिवशीं ह्याहून महत्त्वाचा दुसरा विषय नसतो. तेव्हां संकोच बाजूस ठेवूनच बोलतें.

साधें पुरळ कोणाच्या मुलाला होत नाहीं? जागा लाल होते, दोन दिवस तेल-मलम लावलें, थोडा वेळ उघडें ठेवलें, कीं बरें होतें. त्यासाठीं व्याख्यान नको. मला बोलावयाचें आहे तें हट्टी पुरळाविषयीं : जें आठवडा उलटला तरी हटत नाहीं, बरें झाल्यासारखें दाखवून पुन्हां उसळतें, आणि ज्यावर घरांतले तीन व दुकानांतले चार उपाय होऊन गेलेले असतात. अशा मुलाला माझ्याकडे आणतात तेव्हां बरोबर बहुधा एक पिशवी असते, आणि तींत अर्धवट पिळलेल्या मलमांच्या नळ्या असतात. मी मुलाच्या आधीं ती पिशवी पाहतें. कां, तें पुढें सांगेन.

प्रथम ही कातडी बिघडते कशी तें पाहूं. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर म्हणजे मृत पेशींचा एक पातळ पापुद्रा होय. भिंतीला गिलावा असतो तसा तो असतो. आंतलें आंत ठेवतो, बाहेरचें बाहेर. त्याचा गुण किंचित् आम्ल असतो, आणि त्या आम्लतेवर त्याचा टिकाऊपणा बराचसा अवलंबून असतो. तान्हें मूल पहिल्या महिन्यांत दिवसाकाठीं पंधरा-वीस वेळां शू करतें. ओल्या कापडाखालीं हा पापुद्रा फुगतो. तासभर धुणें धुतल्यावर आपल्या बोटांची कातडी जशी पांढरी व सुरकुतलेली होते, तशीच त्याची गत होते. आणि अशा भिजलेल्या कातडीवर लंगोट घासला कीं ती सोलवटते. येथपर्यंतचें कोणाहि आईला न सांगतां समजतें.

पुढची गोष्ट समजण्यास मात्र डॉक्टरांनाच पुष्कळ वर्षें लागलीं. सकाळीं रात्रीचा लंगोट सोडला म्हणजे जो नाकाला झोंबणारा वास येतो, तो अमोनियाचा. 1921 सालीं अमेरिकेंतील कुक नांवाच्या डॉक्टरांनीं असें दाखविलें, कीं मलांतील एक जंतु मूत्रापासून अमोनिया तयार करतो. तेव्हांपासून सुमारें अर्धशतक ह्या पुरळाचा सारा दोष अमोनियाच्या माथीं मारला जात होता. तर्क सोपा होता, आणि वासाची साक्षहि होती. पुढें 1977 सालीं लेडन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुरळ असलेल्या व नसलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या मुलांच्या मूत्रांतला अमोनिया मोजला, तों दोहोंत म्हणण्यासारखा फरक निघाला नाहीं. 1986 सालीं बर्ग व त्यांचे सहकारी ह्यांच्या प्रयोगांनीं कोडें बरेंचसें उलगडलें. शू कातडीची आम्लता घालविते. ती गेली कीं शींतील पाचक रस, म्हणजे अन्नांतील प्रथिनें व स्निग्धांश पचविणारे रस, जोर करतात. आणि पोटांत जें काम त्यांनीं दुधावर करावयाचें, तेंच तें बाहेर मुलाच्या कातडीवर करूं लागतात. एकटी शू कांहीं वेळ अंगाला लागून राहिली तर तितकेसें बिघडत नाहीं. शी आणि शू एकत्र मिसळून तासन्‌तास राहिलीं म्हणजे खरा घात होतो. अंगावरच्या दुधावर वाढणाऱ्या मुलाची शी अधिक आम्ल असते व तींत हे रस कमी असतात, म्हणून त्याला हा त्रास कमी. जुलाब लागलेल्या मुलाला तो सर्वांत अधिक.

अमोनियाच्या कल्पनेचा एक परिणाम फार वाईट झाला. जंतु मारावेत म्हणून लंगोट बोरिक ॲसिडच्या पाण्यांतून काढण्याची आणि मुलाच्या अंगावर बोरिक पावडर टाकण्याची चाल पडली. अखंड कातडींतून तें फारसें आंत जात नाहीं. सोललेल्या कातडींतून जातें. मॉन्ट्रिअलच्या गोल्डब्लूम पितापुत्रांनीं 1953 सालीं बोरिक ॲसिडच्या विषबाधेचीं जगभरचीं शंभराहून अधिक उदाहरणें वैद्यकीय वाङ्मयांतून एकत्र केलीं. लंगोटाच्या पुरळावर तें लावल्यामुळें दगावलेलीं तान्हीं मुलें त्यांत होतीं. आपल्याकडे बोरिक पावडर घरांत अजूनहि असते, ती कॅरमच्या फळीवर टाकण्यासाठीं. तिनें तेथेंच राहावें. 1972 सालीं फ्रान्समध्यें मुलांच्या एका टाल्कम पावडरींत हेक्साक्लोरोफीन नांवाचें जंतुनाशक चुकीनें भलत्या प्रमाणांत मिसळलें गेलें. 204 मुलें आजारी पडलीं, त्यांतलीं 36 गेलीं. चूक कारखान्याची होती. परंतु विष शिरलें तें कातडींतून, हें आपण विसरूं नये. सोललेल्या जागेवर आपण जें जें लावतों, तें थोडेंबहुत मुलाला पाजतोंच, असें समजून चालावें.

पुरळ हट्टी झालें म्हणजे पहिलें काम नवें मलम आणणें हें नव्हे, तर नीट पाहणें हें होय. मुलाला खिडकीपाशीं दिवसाच्या उजेडांत निजवावें. जांघेच्या घड्या दोन बोटांनीं अलगद उघडाव्या. लाली कोठें आहे? नुसत्या ओलाव्याचें व घर्षणाचें पुरळ उंचवट्यावर असतें : कुल्ल्यांचे गोल भाग, मांड्यांची आंतली बाजू, ओटीपोट, म्हणजे जेथें जेथें लंगोट टेकतो तेथें. घडीच्या तळाची कातडी बहुधा निरोगी राहते. उलट घड्याच आंतून लालभडक असतील, लालीची कडा स्पष्ट असेल, आणि त्या कडेच्या बाहेर, किनाऱ्यापासून सुटलेल्या बेटांसारखे बारीक लाल ठिपके किंवा पिवळट फोड दिसत असतील, तर तेथें बहुधा कँडिडा नांवाच्या बुरशीनें ठाणें दिलें आहे. तीन दिवस चांगली काळजी घेऊनहि जें पुरळ हटत नाहीं, त्यांत ही बुरशी शिरली असण्याचा संभव पुष्कळ असतो. मग मुलाचें तोंडहि पाहावें. जिभेवर अगर गालांच्या आंत दह्याच्या कवडीसारखे, पुसून न जाणारे पांढरे थर असले, तर शंका उरत नाहीं. अशा वेळीं उपाय दोन्ही ठिकाणीं करावा लागतो. आणि पाजतांना आईच्या स्तनाग्रांची आग होत असेल, तर तिलाहि औषध द्यावें लागतें.

ही बुरशी परगांवाहून येत नाहीं. ती पुष्कळ मुलांच्या आंतड्यांत मुकाट्यानें नांदत असते. खोकल्यासाठीं वा कानासाठीं प्रतिजैविक औषध दिलें कीं तिला दाबून ठेवणारे जंतु मरतात आणि ती माजते. त्याच औषधानें पोटहि ढळतें, म्हणजे कातडी सोलण्याचीहि व्यवस्था होते. मुंबईंत आषाढ-श्रावणांत अशा मुलांची माझ्याकडे रीघ लागते. लंगोट तीन दिवस दोरीवर राहूनहि दमटच असतात, आणि आई तरी काय करील? हाताला कोरडा वाटला कीं बांधते. ज्यांच्या घरीं इस्त्री आहे त्यांनीं पावसाळ्यांत प्रत्येक लंगोटावरून ती फिरवावी. हें काम मुलाच्या वडिलांना सांगण्यास हरकत नाहीं. शर्टाची कॉलर ज्यांना साधते त्यांना लंगोटहि साधेल.

बुरशीवर औषधें चांगलीं आहेत. जुन्या घरांतील वृद्ध स्त्रियांना जेंशन व्हायोलेट हें जांभळें औषध आठवत असेल. त्यानें मूल, दुपटें आणि आईचीं बोटें सारखींच रंगत, आणि नाजूक कातडीला कधीं कधीं व्रणहि पडत. आज तें वापरण्याचें कारण उरलेलें नाहीं. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन ह्या दोन अमेरिकन विदुषींनीं 1950 सालीं जगापुढें ठेवलेलें निस्टॅटिन हें बुरशीवरचें औषध ज्या जंतूपासून मिळालें, तो व्हर्जिनियांतील एका दुग्धशाळेच्या मातींत सापडला होता. दोघी न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्यखात्यांत काम करीत; औषधाचें नांव त्या राज्यावरून पडलें. आपल्याकडे आज क्लोट्रिमॅझोलचें मलम अधिक प्रचारांत आहे. दोहोंपैकीं कोणतेंहि चालतें. परंतु तें नुसतें असावें, मिश्रण नसावें.

आतां त्या पिशवीकडे येतें.

कांहीं वर्षांमागें श्रावणांत पांच महिन्यांची एक मुलगी माझ्याकडे आली. खोकल्याचें औषध, मग जुलाब, मग पुरळ, असा नेहमींचा क्रम झाला होता. शेजारणीनें एक मलम सुचविलें. दुकानांत तें चिठ्ठीवांचून मिळालें. दुसऱ्याच दिवशीं लाली निम्म्यानें उतरली आणि घरांत सर्वांना हायसें वाटलें. मलम थांबविलें कीं चार दिवसांनीं पुरळ पूर्वीपेक्षां जोरानें उठे. पुन्हां लावलें कीं पुन्हां बसे. असें नऊ आठवडे चाललें. मुलीची आजी बरोबर होती. ती म्हणाली, “पुरळाचं राहूं द्या बाई, पण पोरीनं बाळसं कसं छान धरलंय बघा!” मीं पाहिलें. गाल गोल आणि तुकतुकीत झाले होते, मानेमागें मांसाची वळी आली होती, कपाळावर व गालांवर बारीक लव होती. वजन वाढलें होतें, पण त्या मानानें लांबी वाढलेली नव्हती. तें बाळसें नव्हतें.

त्या नळींत तीन औषधें एकत्र होतीं : एक बुरशीवरचें, एक जंतूंवरचें, आणि तिसरें क्लोबेटासोल नांवाचें अतितीव्र स्टेरॉईड. स्टेरॉईड दाह दाबतें, म्हणून लाली ताबडतोब उतरते आणि आपला विश्वास बसतो. परंतु दाह हा शरीराचा प्रतिकारहि असतो. तोच दाबला गेल्यानें बुरशी झांकल्या जागीं वाढत राहते. शिवाय ही जागा अशी, कीं कातडी मुळांत पातळ, त्यांत सोललेली, आणि वरून लंगोट घट्ट बांधलेला. तेथें लावलेलें औषध हातावर लावलेल्या औषधाच्या कितीतरी पट आंत जातें. रक्तांत तें पुरेसें गेलें कीं मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या ग्रंथी, ज्यांनीं हाच रस रोज मुलासाठीं तयार करावयाचा, त्या काम सोडून बसतात. मग साध्या तापांतहि मूल एकाएकीं ढासळण्याची भीति असते. म्हणून इतके आठवडे वापरलेलें असें मलम कोणीहि आपल्या मनानें एका दिवसांत बंद करूं नये. डॉक्टरांना दाखवून, रक्त तपासून, त्यांच्या सल्ल्यानेंच तें सोडवावें लागतें. त्या मुलीच्या ग्रंथी पूर्ववत् होण्यास चार महिने लागले. पुरळ तर नुसत्या क्लोट्रिमॅझोलनें दहा दिवसांत गेलें होतें.

त्या आजीबाईंना मी दोष देत नाहीं. 2018 सालीं केंद्र सरकारनें अशीं स्टेरॉईडयुक्त मलमें चिठ्ठीवांचून विकण्यास मनाई केली. पण नियम कागदावर असतो आणि दुकानदार ओळखीचा असतो. नळीवर बारीक अक्षरांत छापलेलीं नांवें भिंगानें का होईना वाचावीं. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन ह्यांपैकीं एखादें नांव दिसलें, तर ती नळी मुलाच्या लंगोटाखालीं आपल्या मनानें लावूं नये. एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन हें सौम्य स्टेरॉईड दाह फार असला म्हणजे आम्ही डॉक्टर कधीं कधीं देतों, पण तें मोजके दिवस आणि बारीक थरानें. तें उरलें म्हणून पुढच्या खेपेस घरच्या घरीं काढूं नये.

आतां करावयाचें काय, तें जरा सविस्तर सांगतें, कारण औषध बरोबर असूनहि तें लावण्याची रीत चुकल्यामुळें निम्मीं मुलें बरीं होत नाहींत. धुण्यास कोमट पाणी पुरे; दर खेपेस साबण नको. जागा फार हुळहुळी असेल तर हात न लावतां तांब्यानें सोडलेल्या धारेखालीं धुवावी, किंवा मुलाला घंगाळांत कोमट पाण्यांत धरावें. पुसतांना घासूं नये, मऊ फडकें टेकवून पाणी टिपून घ्यावें. मग दोन-चार मिनिटें वारा लागूं द्यावा. बुरशी असेल तर त्यावरचें मलम सकाळ-संध्याकाळ बारीक थरानें, घड्यांच्या आंतपर्यंत आणि त्या सुट्या ठिपक्यांच्याहि थोडें बाहेरपर्यंत लावावें. त्याच्यावर जस्ताचें, म्हणजे झिंक ऑक्साइडचें, घट्ट मलम जाड द्यावें. जाड म्हणजे किती, हें पुष्कळांना कळत नाहीं. पोळीला तूप लावतों तसें नव्हे. पुरीवर श्रीखंड घेतों तसें. खालच्या कातडीचा रंग दिसतां कामा नये. त्याच्यावरून थोडें साधें व्हॅसलीन फिरविलें म्हणजे मलम लंगोटाला चिकटत नाहीं.

पुढच्या खेपेस हा सारा थर खरवडून काढण्याचा मोह होतो, आणि स्वच्छतेची आवड असलेल्या बायका तसेंच करतात. नवी कातडी त्या खरवडण्यांतच निघून जाते. शी लागलेला वरचा थर तेवढा खोबरेल तेलांत बुडविलेल्या कापसाच्या बोळ्यानें टिपून घ्यावा, खालचा राहूं द्यावा, आणि वर नवा थर चढवावा. सर्व मलम काढावयाचें तें दोनच वेळां, बुरशीचें औषध लावण्यापूर्वीं, आणि तेंहि तेलानें भिजवून. बुरशीचें औषध लाली गेली कीं लगेच सोडूं नये. डॉक्टरांनीं सांगितलेले दिवस पुरे करावे. पुनः पुन्हां उलटणारीं कित्येक पुरळें ह्या एका घाईमुळेंच उलटतात.

ह्या सर्वांहून स्वस्त उपाय म्हणजे मुलाला उघडें ठेवणें. दिवसांतून तीन-चार वेळां, अर्धा-अर्धा तास, जुन्या मऊ दुपट्यावर निजवावें आणि कोणीतरी जवळ बसावें. दुपटें भिजेल, चादर भिजेल, कदाचित् आजोबांचें धोतरहि भिजेल, तें वाळतें. केस वाळविण्याचें यंत्र मात्र मुलाच्या अंगावर लावूं नये, भाजण्याची भीति असते.

न करण्याच्या गोष्टी थोडक्यांत सांगतें. डाळीच्या पिठानें चोळणें बंद. न्हाऊ घालणाऱ्या बाईला तें पटत नाहीं, पण घरच्या माणसांनीं तेवढ्यापुरतें ठाम राहावें. धुरी नको, वेखंड नको, हळद नको. धुण्याच्या पाण्यांत जंतुनाशक द्रव नको. पावडर कोणतीहि नको. ती घडींत साचून गोळे होतात आणि उडून मुलाच्या श्वासांत जाते. खाण्याचा सोडाहि नको. पुरळावर तो सतत वापरल्यामुळें मुलाच्या रक्तांतील क्षारांचा तोल बिघडल्याचें उदाहरण नमूद आहे. सुवासिक ओले रुमाल प्रवासांत सोयीचे असतात, परंतु सोललेल्या कातडीला त्यांतील सुवास आणि टिकाऊ द्रव्यें झोंबतात.

तयार डायपर बरा कीं घरचा लंगोट, हा प्रश्न मला दर आठवड्यास कोणीतरी विचारतें, आणि मी कोणत्या पक्षाची आहें हें त्यावरून ठरविलें जातें. 1980 नंतरच्या डायपरांत पाणी शोषून धरणारी एक भुकटी असते, तिच्यामुळें ओल कातडीपासून दूर राहते. पुरळ चिघळलें असतां, निदान रात्रीपुरता, तो वापरणें हिताचें. परंतु ती भुकटी शी शोषीत नाहीं. महाग वस्तु आहे म्हणून सकाळचा डायपर दुपारपर्यंत ठेवणाऱ्या घरापेक्षां दर खेपेस सुती लंगोट बदलणारें घर केव्हांहि बरें. लंगोटावर प्लॅस्टिकची चड्डी मात्र घालूं नये, आणि लंगोट धुतल्यावर साबणाचा अंश जाईपर्यंत दोन-तीनदां स्वच्छ पाण्यांतून काढावे.

एवढें सर्व नीट करूनहि कांहीं पुरळें हटत नाहींत. तेथें मग शंका घ्यावी, कीं हें पुरळ लंगोटाचें नसेलच. ह्या बाबतींत माझ्या हातून झालेली एक चूक सांगतें.

पुष्कळ वर्षें झालीं. दिवस पुरे होण्याच्या दोन महिने आधीं जन्मलेला एक मुलगा तिसऱ्या महिन्यांत माझ्याकडे आला. सर्वस्वी आईच्या दुधावर होता. पुरळ लाल, सालपटें निघणारें, कडा स्पष्ट. मीं बुरशी ठरविली. मलम दिलें, गुण नाहीं. दुसरें दिलें. आठवड्यानें तिसरें. आई प्रत्येक वेळीं मुकाट्यानें ऐके आणि सांगितलें तें बिनचूक करी. चौथ्या खेपेस ती उठतां उठतां म्हणाली, “ह्याच्या ओठांच्या कोपऱ्यांत पण असंच झालंय. दूध लागून होतं का?” मीं तीन आठवडे फक्त लंगोट सोडून पाहिलें होतें, झबलें काढून, तोंड उजेडाकडे करून, मुलाला सबंध असा एकदांहि पाहिला नव्हता. तोंडाभोंवतीं, पापण्यांच्या कडांना, बोटांच्या पेरांवर तसेच चट्टे होते. केस विरळ झाले होते. मूल चिरचिरें होतें, आणि वजन वाढत नव्हतें. रक्त तपासलें, तों त्यांत जस्त फारच थोडें निघालें. आईच्या दुधांत तें पुरेसें उतरत नव्हतें, आणि लवकर जन्मल्यामुळें मुलाजवळ सांठा नव्हता. तीन आठवडे मी त्याला बाहेरून जस्तच चोपडीत होतें. त्याला तें पोटांतून हवें होतें. औषध सुरू केल्यापासून चौथ्या दिवशीं तो रात्रभर झोपला, आणि दहाव्या दिवशीं कातडी स्वच्छ झाली. आईचें दूध तोडण्याची गरज पडली नाहीं.

जस्ताच्या ह्याच उणिवेचा एक आनुवंशिक प्रकार आहे. त्यांत आंतड्यांना अन्नांतील जस्त नीट घेतांच येत नाहीं, आणि तो बहुधा आईचें दूध सुटल्यावर प्रगट होतो. डानबोल्ट आणि क्लॉस ह्या नॉर्वेच्या डॉक्टरांनीं 1942 सालीं त्याचें वर्णन केलें, तेव्हां कारण ठाऊक नव्हतें, आणि मुलें जात. 1973 सालीं लंडनच्या मॉयनाहन ह्यांच्या ध्यानांत आलें, कीं ही जस्ताची उणीव आहे, आणि तोंडानें जस्त देतांच मूल बरें होतें. तें आयुष्यभर द्यावें लागतें, एवढेंच.

अशीं दुसरींहि कारणें आहेत. डोक्यावर तेलकट खपली, काखेंत व मानेच्या वळींतहि लाली, पण मूल मजेंत खेळणारें, असें असेल तर तो सेबोरिआचा प्रकार असतो आणि त्याची फारशी काळजी नको. गुदद्वाराभोंवतीं रेखून काढल्यासारखें लालभडक वर्तुळ असेल आणि शीच्या वेळीं मूल कळवळत असेल, तर तो स्ट्रेप्टोकोकस जंतूचा उपद्रव असूं शकतो. त्यावर मलम पुरत नाहीं, पोटांत औषध द्यावें लागतें. जुलाबांनंतर कांहीं दिवस दुधांतील साखर पचत नाहीं, शी आंबट होते आणि गुदद्वाराभोंवतीं भाजल्यासारखें होतें. तेथें कातडीपेक्षां पोटाकडे पाहावें लागतें. क्वचित्, फार क्वचित्, घड्यांत तपकिरी पुटकुळ्या व रक्ताचे बारीक ठिपके दिसतात, तसेच डोक्यावरहि असतात, आणि कशानेंच हटत नाहींत. तेव्हां कातडीचा तुकडा काढून तपासावा लागतो, कारण त्याखालीं रक्तपेशींचा गंभीर रोग असूं शकतो.

मुलाला ताप आला, फोडांतून पू अगर रक्त येऊं लागलें, मधासारख्या पिवळ्या खपल्या धरल्या, मूल दूध घेईनासें झालें, किंवा तें महिन्याच्या आंतलें असेल, तर तीन दिवसांची वाट पाहूं नये; त्याच दिवशीं दाखवावें. एरव्हीं वर सांगितलेली सारी काळजी घेऊन तीन दिवस पाहावें आणि उतार नसला तर यावें. येतांना मलम पुसून, पावडर लावून, मूल छान करून आणूं नये. आहे तसें आणावें. शेवटचें प्रतिजैविक केव्हां दिलें, तें कागदावर लिहून ठेवावें. आणि ती पिशवी विसरूं नये. संपलेल्या, पिळून चपट्या झालेल्या नळ्यासुद्धां तींत असूं द्या. पुष्कळदां मला हवें असलेलें नांव त्यांच्यावरच असतें.